पेटीत सगळं आहे

नानांच्या कानाला तोड नव्हती. मोटार टेबलावर ठेवून बटण दाबलं की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत नाना सांगून मोकळे व्हायचे: बेअरिंग गेलंय, किंवा गुंडाळी जळलीय, किंवा काही झालेलं नाही, नुसती धूळ बसलीय आणि तुम्ही उगाच हेलपाटा घातलात. पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींना तांब्याची तार भरण्यात त्यांचा उभा जन्म गेला. बोटांना वॉर्निशचा वास कायमचा चिकटला, डोळ्यांनी बारीक तारेपुढे हात टेकले, पण कान शाबूत होते. म्हणून त्या सकाळी चहा गाळताना बाहेरच्या खोलीतून टक्, टक् असा आवाज आला, तेव्हा ते गाळणं हातात धरूनच तिकडे गेले आणि जिवाचा कान करून उभे राहिले. कपाटावरच्या पेटीत काहीतरी अडखळत होतं.

ही पेटी म्हणजे जावयांची करामत. चपलांच्या खोक्याएवढी, काळी, पुढे दोन दिवे आणि आत दोन हार्ड डिस्क. घरातले फोटो, लेकीच्या लग्नाचं चित्रण, जे काही म्हणून जपायचं ते वायफायवरून तिच्यात जाऊन बसायचं. एका डिस्कवर जे उतरेल तेच त्याच क्षणी दुसरीवरही उतरायचं. एक बिघडली तरी दुसरी आहेच, असं जावयांनी समजावलं होतं आणि नानांना ते एकदम पटलं होतं. पण फोटोंसाठी म्हणून आणलेल्या या पेटीत खरा माल होता तो वेगळाच. तिच्यात नानी होती.

नानीला पहिला झटका आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. डावी बाजू गेली, जीभ मात्र वाचली, आणि जीभ वाचली म्हणजे निम्म्याहून जास्त नानी वाचली असं सगळ्यांनी हसून म्हटलं. आतल्या खोलीत कॉट टाकली. दिवसभर सांभाळायला एक बाई ठेवली. दुकान बंद करून नानांना घरी बसणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून जावयांनी कॉटसमोरच्या भिंतीवर एक कॅमेरा लावून दिला. नानांनी दुकानात फोन उघडला की खोली दिसायची, आवाज ऐकू यायचा, इकडून बटण दाबून बोललं तर तिकडे ऐकू जायचं. आणि दिवसरात्र जे जे दिसेल, ऐकू येईल ते सगळं पेटीत साठायचं.

नानीने पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याला 'सासूबाई' असं नाव ठेवलं. "गेल्या म्हणून सुटले म्हटलं, तर परत येऊन भिंतीवर बसल्या," असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "सासूबाई, तुमच्या चिरंजीवांना सांगा, येताना औषध विसरले तर आज घरात घेणार नाही." भेटायला आलेली माणसं आजारपण विसरून हसायची.

हळूहळू ती कॅमेऱ्याशी बोलायलाच लागली. रोज दुपारी. नाना वॉर्निशच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचे, आणि हात तार भरत असताना समोर नानीचे ओठ हलताना दिसायचे. ओठच दिसायचे, कारण आवाज बंद असायचा. एक तर दुकानात कुठली ना कुठली मोटार किंचाळत असायची. दुसरं म्हणजे, कानात काही घालून नानांना काम जमत नसे. कान हेच त्यांचं अवजार. आणि तिसरं कारण खरं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. टेबलापाशी चार गिऱ्हाइकं उभी, आणि त्यांच्यादेखत बायको काय वाटेल ते बोलायची. एकदा आवाज सुरू असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमच्यावाचून दुपार जात नाही हो." पंप घेऊन आलेला माणूस गालात हसला. नानांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून आवाज बंद.

समोरासमोर असं बोलायची त्या दोघांना सवयच नव्हती. घरी आल्यावर बोलणं व्हायचं ते औषधाचं, दुधाचं, लेकीच्या फोनचं. जे काय मनातलं असेल ते नानी दुपारी भिंतीकडे बघून बोलायची. नानांनाही ते कळत होतं. ते मनाशी म्हणायचे, पेटीत सगळं आहे. एवढी धावपळ संपू दे, मग निवांत बसून पहिल्यापासून ऐकू. ऐकायचं काम त्यांनी पेटीवर सोपवलं होतं.

थंडी पडायच्या आत दुसरा झटका आला आणि नानीची जीभ गेली. पुढे हिवाळाभर ती नुसती बघायची. मग एका पहाटे तेही थांबलं.

नानांच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो त्यांनी घराला, शरीराला, संसारालाही लावला होता: चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. चांगली फिरणारी मोटार लोक 'जरा साफ करू' म्हणून उघडतात आणि मारून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. चालत्या गाड्याला खीळ कशाला? म्हणून नानी गेली तरी कॅमेरा तसाच राहिला. लेकीने कॉट हलवायचं म्हटलं तेव्हा नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुकानात फोन वॉर्निशच्या डब्याला टेकलेलाच असायचा आणि त्यात घडी घातलेली चादर, उशी, खिडकीतून सरकत जाणारं ऊन दिसायचं. बघणाऱ्याला वेड वाटलं असतं. नानांना ते सोबत वाटायचं. तिची खोली जागी आहे, एवढंच.

नानी गेली त्याच आठवड्यात पेटीचा एक दिवा हिरव्याचा केशरी झाला होता. नानांनी हात लावून पाहिलं. पेटी गरम नव्हती, वास नव्हता, आवाज नव्हता. यंत्र चालतंय ना, मग दिव्याच्या रंगाचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

लेक मात्र मागे लागली होती. आली की म्हणायची, "नाना, आईचं बोलणं मला कॉपी करून द्या. मला ऐकायचंय." नाना म्हणायचे, "देऊ की. पेटीत सगळं आहे. कुठं पळून जातंय?" खरं कारण असं की आधी त्यांना स्वतःला ऐकायचं होतं. ते बोलणं त्यांच्यासाठी होतं. लेकीच्या हाती ते न ऐकता कसं सोपवायचं? आणि ऐकायला बसायचा धीर काही होत नव्हता. रविवारी ते पेटीसमोर खुर्ची घ्यायचे, चष्मा पुसायचे, आणि मग काहीतरी काम आठवून उठायचे. असे कितीतरी रविवार गेले.

आता पेटी अडखळायला लागली तेव्हा त्यांनी हातातलं गाळणं खाली ठेवलं. त्यांनी जावयांना फोन लावला.

"एक डिस्क जाणार बघा," नाना म्हणाले. "आवाज ऐकतोय मी. आज-उद्या नाही, पण जाणार."

"घाबरू नका नाना," जावई म्हणाले. "दुसरीवर सगळं असतं. तशी पेटी लहानच पडतेय तुम्हाला. मी दोन मोठ्या डिस्क आणतो, आणि एक बाहेरची आणतो, तिच्यावर सगळ्याची नक्कल काढून आमच्या घरी ठेवू. म्हणजे इथे काही झालं तरी चिंता नको."

"या रविवारी या," नाना म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, "तिलाही घेऊन या. तिला हवंय ना आईचं, ते देऊन टाकू."

रविवारी सकाळी दोघं आली. लेक आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली आणि डबे उघडून बाप काय खातो याची झडती घ्यायला लागली. जावयांनी पेटी कपाटावरून अलगद उतरवून टेबलावर ठेवली, शेजारी लॅपटॉप उघडला.

"आधी सगळं बाहेर काढून घेतो," ते म्हणाले. "मग कुरकुरणारी डिस्क काढून तिथे नवी घालू. दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरू द्यायचं, त्याला वेळ लागेल. ते झालं की मगच दुसरी बदलायची. शेवटी जागा वाढवून घ्यायची. दोन्हींना एकदम हात लावायचा नाही."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. त्यांना ही पद्धत आवडली. "एक गुंडाळी बसल्याशिवाय दुसरी उघडू नये."

नक्कल सुरू झाली. फोटो गेले, लग्नाचं चित्रण गेलं. मग जावयांनी कॅमेऱ्याची जागा उघडली. तारखेवार ओळीच्या ओळी लागल्या होत्या. जावई वर गेले, खाली आले, परत वर गेले. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

मोटार उघडल्यावर आतलं सगळं जळलेलं दिसलं की गिऱ्हाइकाला कसं सांगावं म्हणून नाना असेच पान्याशी चाळा करत बसायचे. त्यामुळे समोरचा काय करतोय हे त्यांना लगेच कळलं.

"काय झालं? बोला," ते म्हणाले.

"नाना, आईंचा पहिला झटका उन्हाळ्यातला ना?"

"उन्हाळ्याच्या तोंडाला."

"इथे सगळ्यात जुनं आहे ते थंडीतलं. दुसऱ्या झटक्याच्या नंतरचं."

"आधीचं दुसरीकडे असेल."

"दुसरीकडे नाही. मी बघितलं." जावयांनी चष्मा परत लावला, पण लॅपटॉपकडे बघितलं नाही. "पेटीत साधारण वर्षभराचं मावायचं, नाना. भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्या जागी नवं घालायचं, असं मीच लावून दिलं होतं. तेव्हा वाटलं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, जुनं कुणाला लागणार. मी तुम्हाला तसं सांगितलं होतं की नव्हतं, मला आठवत नाही. चूक माझी आहे."

सांगितलं होतं. नानांना जिना आठवला, दवाखान्याचा. जावई कॅमेऱ्याचं काहीबाही सांगत होते आणि नाना मान हलवत होते, कारण वर डॉक्टर थांबले होते. या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

"पण दुसऱ्या डिस्कवर असेल," नाना म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात. एक गेली तरी दुसरी आहे."

"डिस्क बिघडली तर. हे तसं नाही. पहिलीवर जे होतं तेच दुसरीवर होतं. एकीवरचं पुसलं की त्याच क्षणी दुसरीवरचंही पुसलं जातं."

"पुसलेलं काढून देणारे लोक असतात. पेपरात जाहिराती असतात त्यांच्या."

"नुसतं पुसलं असतं तर बघता आलं असतं. त्याच जागेवर नवं लिहिलं गेलंय."

हे नानांना समजावून सांगायची गरज नव्हती. जळलेली तार उपसून त्याच खाचांत नवी भरली की जुनी मागणाऱ्याला ते स्वतःच हात जोडायचे. ते खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी विचारलं, "भरली कधी ही?"

जावयांनी बघितलं. बघून त्यांचा हात परत चष्म्याकडे गेला.

"सांगा ना."

"आई गेल्या त्या आठवड्यात."

म्हणजे ती गेली त्या दिवसापर्यंत सगळं शाबूत होतं. तिचा पहिला शब्द, सासूबाईंची चेष्टा, सगळ्या दुपारी. कॅमेरा तेव्हा बंद केला असता तर आज टेबलावर सगळं असतं. पण नानांनी खोली जागी ठेवली. त्या खोलीतला रिकाम्या कॉटचा एक दिवस पेटीत आला, आणि नानीचा पहिला दिवस बाहेर गेला. दुसरा दिवस आला, दुसरा गेला. ते दुकानात बसून घडी घातलेल्या चादरीकडे बघत होते आणि ती चादर नानीला दिवसादिवसाने खात होती.

"आणि आता?" नानांनी विचारलं. "आपण इथे बोलतोय, आत्ता?"

"आत्ताही सुरूच आहे. जे उरलंय त्यातलं जुनं जातंय. थांबा, मी इथून बंद करतो," असं म्हणून जावई लॅपटॉपकडे वळले. पण नाना उठले होते. त्यांच्या वयाच्या मानाने ते फारच झपाट्याने आतल्या खोलीत गेले. कॅमेऱ्याची वायर कॉटच्या मागून खाली येऊन बोर्डात गेली होती. ते गुडघ्यावर बसले, हात कॉटखाली घातला आणि बटण वगैरे न बघता प्लग उपटला. भिंतीवरचा बारका निळा दिवा गेला. नाना तसेच जमिनीवर बसून राहिले.

लेक चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. आतल्या खोलीच्या दारात ती येऊन उभी राहिली तेव्हा नानांना वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही.

"दोन महिन्यांपूर्वी मागितलं होतं मी," ती म्हणाली. "तेव्हा होतं थोडं. निदान शेवटचे काही आठवडे होते. त्याच्या आधी मागितलं तेव्हा जास्त होतं."

"हो."

"काय म्हणाला होतात तुम्ही? कुठं पळून जातंय."

तिला आणखी बोलायचं होतं हे दिसत होतं, पण बाप जमिनीवर बसलेला, बनियनवर, पांढरे केस विस्कटलेले, हातात वायर धरलेली, आणि त्या माणसाला आणखी काय बोलणार? ती कॉटवर बसली आणि रडायला लागली. नानांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण जमिनीवरून तो पोचत नव्हता आणि गुडघे उठू देत नव्हते. शेवटी त्यांनी तिच्या पावलावर हात ठेवला.

बाहेर जावयांनी काम थांबवलं नाही. दुसरं काय करणार होता तो माणूस? उरलेल्याची नक्कल निघाली, कुरकुरणारी डिस्क निघाली, नवी आत गेली. दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरायला रात्र गेली. सकाळी दुसरीही बदलली आणि तिच्यावरही सगळं उतरू दिलं. जागा वाढवण्याचं एक बटण होतं, ते दाबल्यावर पेटी बराच वेळ घुमली आणि मग दोन्ही दिवे हिरवे झाले.

"आता चौपट जागा झाली," जावई म्हणाले आणि त्यांनाच ते बोलून कसंतरी झालं.

"बैल गेला आणि झोपा केला," लेक म्हणाली. तिने ते चिडून म्हटलं नव्हतं. थकून म्हटलं होतं.

निघायच्या आधी तिघांनी जे उरलं होतं त्यातलं सगळ्यात जुनं लावून बघितलं. नानी उशीला टेकून बसवलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, नजर थेट कॅमेऱ्याकडे. काही बोलत नव्हती. बराच वेळ बघितलं तरी नुसती बघतच होती. लेकीने हात पुढे करून ते बंद केलं.

"तुम्ही सांगा नाना," ती म्हणाली. "तुम्हाला आठवेल ते सांगा. रोज दुपारी काय बोलायची? मी लिहून घेईन."

"मला ऐकू यायचं नाही," नाना म्हणाले. "दुकानात आवाज बंद असायचा माझा."

"रोज?"

"रोजच."

लेकीने बापाकडे असं बघितलं की नानांनी नजर खाली वळवली. जाताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा, पण खाण्यापिण्याची हेळसांड करू नका असं काही बोलली नाही. नेहमी बोलायची.

तीन-चार दिवस नाना दुकानात बसून चुका करत होते. एका पंख्याला उलट्या बाजूने तार भरली. वॉर्निशच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये आता काहीच दिसत नव्हतं, तरी डोळे तिकडे जायचे. आणि मग एका दुपारी, मोटारीचा आवाज ऐकता ऐकता, त्यांच्या मनात एकदम आलं: ती बाई. सांभाळायला ठेवलेली. दिवसभर ती घरातच असायची. तिचे कान काही बंद नव्हते.

त्यांनी दुकान तसंच अर्धवट ओढून घेतलं. बाई आता दुसऱ्या घरी काम करत होती, मागच्या रस्त्याला, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला सांभाळत होती. नाना तिथे पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता. बाईने दार उघडलं, ओळखलं, आणि घाईघाईने हात पुसत बाहेरच्या पायऱ्यांवर आली. आतल्या माणसाला नुकता डोळा लागला होता.

"बसा ना काका. बरे आहात ना? किती वाळलात."

"बरा आहे," नाना म्हणाले. "तुम्हाला एक विचारायला आलोय. आमची ही दुपारची बोलायची ना, कॅमेऱ्याकडे बघून. तुम्हाला त्यातलं काय आठवतं? काहीही. मोडकंतोडकं असलं तरी चालेल."

बाईचा चेहरा आधी उजळला. "काकू? बोलायच्या की. जेवण झालं की लगेच. कधी कधी तासभर." मग ती ओशाळली. "पण काय बोलायच्या ते मला कुठून कळणार काका? मला बाहेर काढायच्या. म्हणायच्या, तू जरा स्वयंपाकघरात बस आणि दार लावून घे, मला आमच्या ह्यांच्याशी बोलायचंय."

"दाराबाहेरून काहीतरी येत असेल कानावर."

"आवाज यायचा, शब्द नाही कळायचे. कधी हसायच्या. कधी आवाज भरून आलेला असायचा. आपण कशाला कान लावायचे हो दोघांच्या बोलण्याला?"

"नाही, ते बरोबरच आहे," नाना म्हणाले. त्यांनी कठड्याला धरलं. दुकानापासून इथवर येताना त्यांना वाटत होतं की पेटीने गिळलं ते जगात कुठेतरी दुसऱ्याच्या कानात असेल. नव्हतं.

बाईला त्यांची दया आली असावी. काहीतरी हातावर ठेवावं म्हणून ती आठवायला लागली. "तुमचा आवाज मात्र स्पष्ट यायचा काका," ती म्हणाली. "त्या कॅमेऱ्यातून जरा मोठाच यायचा, दार लावलं तरी. काकूंचं बोलून झालं की थोडा वेळ सगळं शांत असायचं, आणि मग तुम्ही म्हणायचात, हो. कधी म्हणायचात, हो, हो, तसंच करू. मग काकू मला हाक मारायच्या. आत गेलं की म्हणायच्या, हो म्हणाले बघ. इतकं समाधान असायचं चेहऱ्यावर. त्या दिवशी मग औषधाला कटकट नाही, काही नाही."

नानांना ते आठवलं. आठवायला ते विसरलेच कुठे होते? ओठ हलायचे थांबले की नानी कॅमेऱ्याकडे वाट बघत राहायची. काहीतरी विचारलंय एवढं कळायचं. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, हातात तार ताणलेली असायची, आणि नाना अंगठ्याने बटण दाबून तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचे.

आतून म्हाताऱ्याने हाक मारली. बाई "आले" म्हणून उठली, नानांना पाणी आणते म्हणाली आणि आत गेली. नाना पायरीवर बसून राहिले. तिने काय मागितलं होतं, आपण कशाकशाला हो म्हटलं होतं, आणि त्यातलं काय करायचं राहून गेलं, हे आता विचारायला कुणीच उरलं नव्हतं.